भरल्यावर काय?

सध्या मी ज्याच्या घरी जातो त्याला एकच विचारतो: तुमचा संडास भरला की काय करता? परवा एका साखरपुड्यात मुलीच्या मामांना विचारलं. नवा बंगला, वर दोन आणि खाली एक असे तीन संडास, चकचकीत टाइल्स, सगळं हौसेने केलेलं. मामा आधी हसले, मग जरा विचारात पडले आणि म्हणाले, "अहो, भरायचा प्रश्नच येत नाही. चांगला खोल मारलाय. शंभर वर्षं बघायला नको." बायकोने मला कोपराने ढोसलं. घरी येताना ती म्हणाली, "तुम्हाला आता चारचौघांत न्यायची सोय राहिलेली नाही." नसेल. पण गेल्या पावसाळ्यानंतर मला जे सापडलंय ते इतकं अफाट आहे, आणि इतकी वर्षं ते अक्षरशः माझ्या पायाखाली होतं याचा मला इतका अचंबा वाटतो, की गप्प बसणं जमत नाही.

झालं असं. कणकवली तालुक्यातल्या आमच्या गावी जुन्या घराच्या जागी दोन खोल्या बांधायला काढल्या. गवंड्याने चिऱ्यापासून कौलांपर्यंत प्रत्येक गोष्टीवर माझ्याशी तास-तास हुज्जत घातली, आणि संडासाची पाळी आल्यावर एका वाक्यात विषय मिटवला: "सेप्टिकची टाकी टाकू या. आता खड्डे कोण करतंय?" त्याच आठवड्यात शेजारचे भाऊकाका सकाळी परसात पहार घेऊन उभे दिसले.

काकांचा संडास दोन खड्ड्यांचा. त्यातला एक भरला तेव्हा त्यांनी तो बंद करून वापर दुसऱ्याकडे वळवला होता. त्याला दोन वर्षं होऊन गेलेली. आज बंद खड्डा उघडायचा होता. पहारीने कड उचकटून त्यांनी सिमेंटचं झाकण सरकवलं, तसा मी मागे सरलो आणि नाकाला रुमाल लावला. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फावड्याने घमेलं भरलं आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवलं.

"घे हातात. वास येता काय बघ."

वास येत नव्हता. म्हणजे मातीचा येत होता, बाकी कसलाच नाही. घमेल्यात होतं ते काळपट तपकिरी, भुरभुरीत, सुकलेल्या चहाच्या चोथ्यासारखं. त्यात एक बारीक मूळ शिरलेलं, एक गांडूळ अंग चोरून घेत होतं, आणि मधोमध शांपूची एक पुडी, रंगासकट शाबूत. माणसाच्या पोटातून आलेलं सगळं विरघळून गेलं होतं. दुकानातून आलेलं तेवढं राहिलं होतं. मी चिमटीत धरून ती बाहेर काढली. मग हळूच मूठ भरली. काका म्हणाले, "दोन वर्सां झाकून ठेवलेला. ह्या आता माडाक घालतलंय." आणि घमेलं उचलून चालायला लागले. ना टँकर, ना मजूर, ना नाकाला फडकं.

मी तिथेच उभा. अहो, हे होतं? इतकं सोपं?

त्या दिवसापासून मी वाचत सुटलोय आणि माणसांना गाठत सुटलोय. आधी तो खड्डाच समजून घेतला. साधारण मीटरभर रुंद, मीटरभर खोल. भिंत जाळीची, म्हणजे वीट किंवा चिरा मधे फटी ठेवून लावलेला. तळ मोकळा, त्याला गिलावा नाही की काँक्रीट नाही. मैल्यातलं पाणी त्या फटींतून जमिनीत मुरतं, वायूही मातीच शोषून घेते. म्हणून वर धुराड्यासारखा पाइप लागत नाही. मागे राहतो तो घट्ट भाग, आणि त्यावर जमिनीतले जिवाणू काम करतात. घरात पाच-सहा माणसं असली तर एक खड्डा भरायला काही वर्षं जातात. मग चेंबरमधली एक वाट बंद करून दुसरी उघडायची, बस. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातला मैला निवांत पडून राहतो आणि त्यातले रोगजंतू मरतात. सगळ्यात चिवट असतात जंतांची अंडी, म्हणून तर दीड-दोन वर्षांची विश्रांती. भांड्याचा उतारही मुद्दाम खडा, 25 ते 28 अंशांचा, आणि त्याखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे कोंबड्यात, पाणी फक्त 20 मिलिमीटर. त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. शहरात आम्ही जुन्या टाकीची साखळी ओढून एका खेपेला दहा लिटर सोडत होतो, तेही पिण्याचं!

या खड्ड्याचा विश्वास लोकांना बसावा म्हणून फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या वारंगळ जिल्ह्यात गंगादेवीपल्ली नावाच्या गावी स्वतः खड्ड्यात उतरले आणि त्यांनी तो रिकामा केला. दिल्लीचा सनदी अधिकारी, खड्ड्यात! मला हे तेव्हा पेपरात वाचल्याचंही आठवत नाही. आपण क्रिकेटची पानं वाचतो.

आता मामांच्या शंभर वर्षांकडे येतो, कारण गंमत तिथेच आहे आणि गोमही तिथेच. डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स या दोघांचं 2017 मधलं एक पुस्तक आहे, उत्तर भारतातल्या खेड्यांमधल्या उघड्यावरच्या शौचावर. त्यांचं निरीक्षण असं की लोकांना सरकारी मापाचा लहान खड्डा नको वाटतो, कारण तो आपल्या हयातीत भरेल. भरला की उपसावा लागेल. उपसायचा कोणी? हे काम शतकानुशतकं एका विशिष्ट जातीच्या माथी मारलेलं. ती माणसं आता ते करायला नकार देतात, जो त्यांनी कधीच द्यायला हवा होता. आणि बाकीच्यांचे हात लागत नाहीत. म्हणून मग खोल्या-खोल्यांएवढे खड्डे. न भरणारे. मी हे वाचलं तेव्हा उत्तरेतल्या खेड्यातले लोक दिसायच्या आधी हातात पेढा धरलेले मामा दिसले.

माझं सगळं कुतूहल तिथून एका प्रश्नात गोळा झालं: भरल्यावर काय? संडासाचं उद्घाटन होतं त्या दिवशी सगळेच संडास चांगले असतात. रंगवलेलं दार, सरपंचांचा फोटो, नारळ. परीक्षा पुढे तीन-चार वर्षांनी असते.

सेप्टिक टाकीला हा प्रश्न विचारून बघा. टाकी मैला संपवत नाही, थांबवून धरते. घट्ट भाग तळाशी बसतो, तेलकट साय वर येते, आणि मधलं पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. ते पाणी दिसायला बरं असलं तरी रोगजंतूंनी भरलेलं असतं. ते शोषखड्ड्यात जायला हवं. जातं कुठे? आपल्या कुठल्याही निमशहरी गल्लीत खाली वाकून बघा, पाइप गटारात निघालेला दिसेल. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी काढायचा असतो. आमच्या वाडीत, वरच्या आळीत, तालुक्याच्या गावी मी जितक्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी टाकी बांधल्यापासून उघडलेलीच नाही, आणि काहींना झाकण कुठल्या फरशीखाली गेलं तेही माहीत नाही. गाळाने भरलेल्या टाकीत मैला थांबतच नाही, येतो तसा पुढे जातो. म्हणजे ती टाकी नुसता एक महागडा पाइप. आणि तुंबल्यावर जो टँकर बोलावतो तो पुढे कुठे रिकामा होतो? एका टँकरच्या चालकाला मी हे विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं विचारलं नाही. ओढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायरचे माग दिसतातच.

हे सगळं मी वाचत होतो ते गावच्या ओट्यावर बसून, आणि वाचता वाचता एक नाव समोर आलं: गोपुरी. आमच्या कणकवलीतलं गोपुरी! जिथून आमची एसटी आयुष्यभर गेली ते गोपुरी! अप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रम म्हणून ते नाव ठाऊक होतं, कोकणचे गांधी वगैरे शाळेत ऐकलं होतं. त्यांनी संडासावर काम केलं, आणि ‘गोपुरी संडास’ नावाचा नमुना देशभरच्या पुस्तकांत या नावाने नोंदलेला आहे, हे मात्र मला पन्नाशी उलटल्यावर कळावं!

अप्पांचा 1932 मधला प्रसंग तर वाचावा आणि थक्क व्हावं असा. सत्याग्रही म्हणून ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितलं. तुरुंगवाले म्हणाले, हे काम तुमच्या जातीच्या कैद्यांना देता येत नाही. म्हणजे तुरुंगातसुद्धा जातीची वाटणी! अप्पांनी अन्न कमी केलं, आणि तिकडे येरवड्याला गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. माणसं सवलतींसाठी उपोषण करतात. या माणसाने संडास साफ करायला मिळावा म्हणून केलं. पुढे 1948 मध्ये गोपुरी उभी राहिली. त्यांच्या संडासात जमिनीच्या वरच बांधलेले दोन कप्पे असतात. वापरल्यावर वरून माती, राख, पालापाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला की बंद, दुसरा चालू, आणि पहिल्याचं कालांतराने सोनखत. जमिनीवर का? कोकणात पावसाळ्यात पाणी इतकं वर येतं की खोल खड्डा म्हणजे विहिरीला दिलेलं आमंत्रणच. भरल्यावर काय, याचं उत्तर त्यांनी बांधायच्या आधी दिलेलं होतं, आणि त्या उत्तरात कुठल्याही जातीचं नाव नव्हतं.

त्या धाग्याने मी देहूला पोचलो. तुकोबांच्या देहूला 1959 मध्ये सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले, डॉ. एस. व्ही. मापुसकर. रोज तेच रुग्ण, तेच जंत, तेच जुलाब. डॉक्टरांना कळलं की आपण गोळ्या देतोय आणि गाव रोग परत पेरतंय. त्यांनी संडास बांधायला घेतले. सुरुवातीचे पावसात कोसळले. कोणीही इथे नाद सोडला असता. हे अप्पासाहेबांना जाऊन भेटले, शिकले, आणि मग उरलेलं आयुष्य देहूतच राहून याच एका विषयात घातलं. मैल्यावर चालणाऱ्या बायोगॅसचा ‘मलप्रभा’ नावाचा नमुना त्यांनी सुधारून रुजवला. 2015 मध्ये ते गेले, 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. बायोगॅस म्हटल्यावर मी अर्थातच उडालो. म्हटलं, हेच करायचं, सिलिंडर बंद! मग हिशेब मांडला. माणशी दिवसाला साधारण एक घनफूट वायू निघतो. शेगडी तासाला आठ-दहा घनफूट खाते. म्हणजे चार-पाच माणसांच्या घरी सकाळचा चहा होईल, भाकरी नाही. गोठा असेल, स्वयंपाकघरातलं खरकटं घालायची शिस्त असेल, किंवा शाळा-वसतिगृहासारखी पुष्कळ माणसं असतील, तर हे सोनं. आमच्याकडे गुरं वडिलांच्या वेळीच गेली. मन मोडलं, पण आकडा खोटं बोलत नाही.

आकड्यांचा नाद लागला तो असा. एक माणूस वर्षाला सुमारे 500 लिटर लघवी करतो आणि मैला फक्त 50 लिटरच्या आसपास. फ्लशच्या संडासात एवढंसं वाहून न्यायला माणशी वर्षाला 15,000 लिटर स्वच्छ पाणी लागतं. आणि पिकाला लागणारा नत्र? माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या नत्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग एकट्या लघवीत असतो, जिच्यात निरोगी माणसाकडून रोगजंतू फारसे येतही नाहीत. आपण करतो काय, तर या बऱ्यापैकी निर्धोक खताच्या पाण्यात तो थोडासा घातक मैला कालवतो, वर पंधरा हजार लिटर पाणी ओततो आणि मग सगळंच साफ करत बसतो. हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी रात्री बायकोला उठवून सांगितलं. तिने काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून जगात लघवी वेगळी करणारे कोरडे संडास निघाले. भांड्यातच दोन वाटा. पुढची लघवीला, मागची मैल्याला. पाणी नाही, वर राख किंवा भुसा. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ मुसिरी या गावी असा सार्वजनिक संडास निघाला, आणि तिथे वापरणाऱ्यालाच दर खेपेला 10 पैसे मिळायचे! पैसे देऊन आत जायची सवय असलेल्या आपल्याला हे उलटंच. पाणी वाचतं, खत मिळतं, गटार नको. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं, जगाचा प्रश्न सुटला.

मग एर्दोसची गोष्ट वाचली.

एर्दोस हे चीनच्या इनर मंगोलियातलं शहर. पाण्याचा दुष्काळ. तिथे 2003 पासून स्वीडनच्या मदतीने एक अख्खी पर्यावरणस्नेही वसाहत उभारली गेली. मजल्यामजल्यांच्या इमारती, आठशेहून अधिक कुटुंबं, आणि प्रत्येक घरात लघवी वेगळी करणारा कोरडा संडास. वरून भुसा पडायचा, मैला नळकांड्यातून तळघरातल्या पेटीत. कागदावर याच्याइतकं गुणी काही नसेल. प्रत्यक्षात हवा उलटी वाहायला लागली की घरात वास, लघवीच्या नळ्यांत क्षार साचून त्या तुंबायच्या, तळघरात माश्या. शेजारच्या नव्या इमारतींत मात्र बटण दाबलं की पाणी. शहर श्रीमंत होत होतं, पाण्याची सोयही वाढत होती, आणि लोकांना कळेना की हा प्रयोग आपल्याच घरात का. 2010 च्या सुमारास सगळे कोरडे संडास काढून तिथे फ्लश बसवले. मला भावलं ते पुढचं. प्रकल्प करणाऱ्यांनीच 2012 मध्ये यावर पुस्तक लिहिलं, काय बिघडलं ते पाइपच्या वळणापर्यंत सांगितलं. आपल्याकडे बंद पडलेल्या योजनेवर कोणी पुस्तक लिहिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तिच्यावर रंगीत पुस्तिका निघते ती सुरू होताना.

दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन याच्या उलट टोकाला. 2000 मध्ये तिकडे कॉलराची मोठी साथ आली. शहराबाहेरच्या डोंगराळ वस्त्यांना गटार नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून नगरपालिकेने असेच कोरडे संडास फुकट बांधून दिले. 75,000 हून अधिक. ते वापरले गेले, बऱ्याच ठिकाणी टिकले. पण भरलेला कप्पा घरच्यांनीच उपसायचा होता आणि लोकांना ते अजिबात रुचलं नाही. शहरातल्यांना फ्लश आणि आम्हाला हे, असा सल राहिलाच. गरिबांसाठी म्हणून जे वेगळं काढलं जातं ते कितीही शास्त्रशुद्ध असो, त्याला कमीपणाचा वास लागतो. आणि तो राखेने जात नाही.

या टप्प्यावर माझ्या हाती सस्टेनेबल सॅनिटेशन अलायन्स नावाच्या जागतिक संघटनेने मांडलेल्या कसोट्या आल्या. 2007 पासूनचं हे काम. संडासाची कुठलीही पद्धत टिकाऊ आहे का, हे ठरवताना आरोग्य, निसर्ग, तंत्र आणि देखभाल, पैसा, आणि समाज व संस्था अशा पाच अंगांनी तपासायचं. आणि हेही की संडासाची चौकट म्हणजे पद्धत नव्हे. बसण्यापासून थेट शेतापर्यंत किंवा नदीपर्यंतची सगळी साखळी एकत्र मोजायची. मी वहीत पाच रकाने आखले आणि गुण द्यायला बसलो. एर्दोसला निसर्गात पैकीच्या पैकी, समाजात भोपळा. बायोगॅसला माणसं किती त्यावर गुण. सेप्टिक टाकीला लोकप्रियतेत पहिला नंबर, बाकी सगळीकडे काठावर. दोन खड्डे मात्र पास होत होते, होत होते, आणि मग मी माझ्याच विहिरीशी येऊन थांबलो.

कारण आमचा जांभा! जांभ्याला भोकंच भोकं. पाणी त्यातून गाळून जात नाही, धावत जातं. पावसाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी वाकून हाताने घेता येतं. खड्ड्याचा तळ भूजलाच्या वर किमान दोन मीटर हवा असा दंडक आहे. जुलैत तो कसा पाळणार? उलट विदर्भातल्या काळ्या मातीत पाणी मुरतच नाही. तिथे खड्ड्याभोवती वाळू आणि विटांचे तुकडे भरून जागा करावी लागते. म्हणजे एकच खड्डा, एकच नकाशा, आणि जिल्हा बदलला की निकाल बदलतो. सरकारी फलकावर सगळ्या महाराष्ट्राला एकच चित्र छापलेलं असतं, त्याचा आता मला राग येतो.

आणि जिथे दोन खड्ड्यांना जागाच नाही तिथे? शहरं पुढच्या शंभर वर्षांत सगळीकडे गटारं टाकतील या आशेवर बसायचं? याचं उत्तर बघायला वाईला गेलो. घरचे लोक ढोल्या गणपतीला गेले आणि मी नगरपालिकेच्या टँकरमागे. यावर पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं.

वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर, या दोन गावांनी देशात सगळ्यात आधी ठरवून, पाळीपाळीने सेप्टिक टाक्या उपसायला घेतल्या. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या लोकांचा त्यामागे हात. तुंबल्यावर फोन करायचा नाही. दर तीन वर्षांनी टँकर आपणहून दारात येतो. त्या वेळी पैसे मोजायचे नाहीत, ते थोडे थोडे कराच्या रूपाने आधीच गेलेले असतात. ठेकेदाराला पैसे मिळतात ते कामाच्या हिशेबाने. या साध्या गोष्टीत केवढी अक्कल आहे बघा: टाकी भरलीय की नाही हे घरमालकाने ठरवायचं नाही, आणि गाळ केंद्रावर पोचवण्यातच टँकरवाल्याचा फायदा, ओढ्यात ओतण्यात नाही.

मी पाहिलं त्या घरात झाकण सापडायलाच वेळ गेला. आजीबाई म्हणाल्या इथेच कुठेतरी, सूनबाई म्हणाल्या तिकडे. शेवटी धुण्याच्या दगडाखाली निघालं. गमबूट आणि हातमोजे घातलेल्या दोघांनी दगड बाजूला केला, जाड नळी आत सोडली, टँकरवरचा पंप घरघरला आणि मापकावरचा काटा हलला. कोणी आत उतरलं नाही. काम संपल्यावर मोबाइलवर नोंद, आजीबाईंची सही, झाकण परत जागेवर. सूनबाईंनी त्या दोघांना चहा दिला, घरातल्याच कपांत. तेवढ्यात शेजारणीने वरून विचारलं, "आमचा नंबर कधी?" अहो, संडास उपसायचा नंबर लोक उत्सुकतेने विचारताहेत!

गाळाचं पुढे काय? वाईत त्यातलं पाणी काढून तो वाळवतात आणि हवा न लागू देता तापवून त्याचा कोळसा करतात. सिन्नरला तोच वाळवण्याच्या वाफ्यांवर पसरतात. एकीकडे यंत्र, दुसरीकडे ऊन. दोन्ही चालतं, कारण कोण, कधी आणि कुठे ही तीन उत्तरं आधी ठरलेली आहेत. अर्थात टँकर गाळ तेवढा नेतो. टाकीतून गटारात वाहणाऱ्या पाण्याचं काम वेगळं उरतंच, आणि ते नीट सांभाळणारं गाव मला अजून बघायचंय. कोणाच्या माहितीत असेल तर कळवा, मी लगेच निघतो.

माझ्या घराचा निकाल सांगतो. दोन खड्डे, विहिरीच्या खालच्या अंगाला, 15 मीटरहून लांब, आणि अर्धे जमिनीच्या वर उचलून भोवती मातीचा भराव. अप्पासाहेबांची युक्ती थोडी आणि सरकारी नकाशा थोडा. गवंडी वैतागला. म्हणाला, मातीचा ढिगारा दारात दिसेल. दिसू दे. पहिला खड्डा भरून बंद केल्याला दोन वर्षं झाली की त्याचं झाकण मी स्वतः उघडणार आहे, माड आताच लावून ठेवलाय, आणि मामांना बोलावणार आहे.

तोवर तुम्ही एवढं करा. आपल्या टाकीचं झाकण कुठे आहे ते शोधा. तिचा बाहेरचा पाइप शोषखड्ड्यात जातो की गटारात, ते वाकून बघा. शेवटचा उपसा कधी झाला ते घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि तीन वर्षं उलटली असतील तर उपसून घ्या. टँकर बोलावलात तर तो कुठे रिकामा होणार हे पैसे द्यायच्या आधी विचारा. आणि गडी स्वस्तात मिळतोय म्हणून कोणाला आत उतरवू नका: संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून सेप्टिक टाकी साफ करून घेणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.